१० मीटर एअर पिस्तूल : शिकणाऱ्यांचे, पालकांचे आणि प्रशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला कोणत्या वयात नेमबाजीच्या रेंजवर आणावं?

वयापेक्षा खांदा पाहा. स्पर्धेचं एअर पिस्तूल साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो भरतं आणि ते एका हाताने, हात पूर्ण लांबवून धरायचं असतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने असा होल्ड रोज तासभर केला तर पाठ मागे कलते, कंबर वाकते, आणि ती सवय पुढे कितीही समजावलं तरी जात नाही. लहान मुलांना टेबलावर किंवा वाळूच्या पिशवीवर मनगटाखाली आधार देऊन साइट (नळीवरच्या नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा) आणि ट्रिगर शिकवा. मोकळ्या हाताने नेम पुढे दोन वर्षांनी सुरू झाला तरी काही बिघडत नाही.

रायफल घ्यावी की पिस्तूल?

रायफलला कॅनव्हासचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा असा सगळा संच लागतो, आणि वाढत्या वयाच्या मुलाला तो दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. पिस्तुलाला घोट्याचं हाड उघडं राहील असे सपाट तळव्याचे बूट पुरतात. मात्र रायफलमध्ये शरीराची हाडं वजन पेलतात, पिस्तुलात ते काम स्नायूंना करावं लागतं. त्यामुळे पिस्तुलाची सुरुवात स्वस्त असते, पण चांगले आकडे दिसायला वेळ लागतो. दोन्ही महिनाभर हाताळू द्या आणि मुलालाच ठरवू द्या.

परवाना लागतो का?

४.५ मि.मी. म्हणजे ०.१७७ बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला भारतात परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ऊर्जा सहा जूलच्या आसपास असते. तरी खरेदीची पावती आणि ओळखपत्र पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. प्रवासात पेटी बंद, पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर वेगळा आणि क्लबचं पत्र सोबत हवं. विमानाने जायचं असेल तर भरलेल्या सिलिंडरबद्दल कंपनीला आधी विचारा.

स्वतःचं पिस्तूल लगेच घ्यावं का?

नाही. पहिले तीन ते सहा महिने क्लबचं वापरा. तोवर हाताचा पंजा कोणत्या मापाच्या ग्रिपमध्ये, म्हणजे लाकडी मुठीत, बसतो आणि ट्रिगर कसा आवडतो हे कळतं. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांपैकी कुठलंही चांगल्या अवस्थेतलं जुनं पिस्तूल नवशिक्याच्या हातून कमी पडत नाही. जुनं घेताना सिलिंडरवर कोरलेलं साल आधी वाचा. सिलिंडरचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात, त्यानंतर तो स्पर्धेच्या तपासणीत अडतो. नवा सिलिंडर स्वस्त नसतो, म्हणून भाव करताना ही रक्कम मनात धरा.

ग्रिप हाताच्या मापाची नसेल तर बाकी सगळं महाग सामान वाया जातं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी ग्रिपच्या वरच्या कडेला घट्ट भिडायला हवी. मधली दोन बोटं समोरून सरळ मागे दाबतात, अंगठा नुसता टेकलेला असतो. पोकळी राहते तिथे वुड पुट्टी भरा, टोचतं तिथे पॉलिश पेपरने घासा, एका वेळी अगदी थोडं. घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. मनगटाला आधार देणारी ग्रिप नियमात बसत नाही.

महिना झाला तरी टार्गेट देत नाहीत, कोरा कागदच लावतात. का?

पालकांचा हा सगळ्यात मोठा प्रश्न आणि सगळ्यात मोठी नाराजी. काळा गोल समोर दिसला की डोळा तिकडे धावतो, आणि मन दहा गुणांच्या शोधात बोटाला घाई करतं. कोऱ्या कागदावर धावायला काही नसतं, म्हणून डोळा साइटवर टिकतो आणि बोट शांत राहतं. एअर पिस्तुलात आधी ट्रिगर, मग साइट, मग होल्ड आणि सगळ्यात शेवटी टार्गेट असा क्रम आम्ही धरतो. बहुतेक ठिकाणी तो उलटा शिकवला जातो आणि मग वर्षभर ट्रिगरचा झटका काढण्यात जातो.

पहिल्या दोन आठवड्यांत पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवा. विद्यार्थ्याने फक्त साइट जुळवायची आणि ट्रिगर प्रशिक्षकाने दाबायचा. साइट न हलता शॉट सुटू शकतो हे त्या मुलाला पहिल्यांदाच दिसतं. मग अदलाबदल करा : ट्रिगर विद्यार्थ्याचा, आणि पुढची साइट हलते का यावर बाजूने लक्ष प्रशिक्षकाचं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आधार काढा, पण कागद कोराच ठेवा. पाच छर्रे मारले की त्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, किती लहान झाला एवढंच पाहायचं, तो कागदावर कुठे पडला ते नाही. ग्रुप सलग चार-पाच वेळा हाताच्या मुठीएवढ्या जागेत राहिला की कागद उलटून काळा गोल दाखवा. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला दहा.

नेमकं बघायचं कुठे? साइटकडे की टार्गेटकडे?

पुढच्या साइटकडे. तिची वरची कड नखासारखी स्पष्ट दिसली पाहिजे. मागची साइट किंचित धूसर, टार्गेट चांगलंच धूसर. पुढची साइट मागच्या खाचेत बसली की दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या दोन सारख्या उभ्या रेषा दिसतात आणि वरच्या कडा एका पातळीत येतात.

याचा हिशेब एकदा फळ्यावर मांडून दाखवा, मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ३३ सें.मी. धरा. पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मि.मी. सरकली तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मि.मी. सरकतो. दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मि.मी. आहे आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मि.मी. रुंद. म्हणजे ३० मि.मी. सरकलेला शॉट सात गुणांचा. आता दुसरी बाजू : साइट बरोबर जुळलेली आहे, पण हात तरंगतोय. जितकी साइट टार्गेटवर सरकलेली दिसते, छर्रा तितकाच सरकतो. छर्रा ४.५ मि.मी. जाडीचा आणि रिंगला नुसती कड लागली तरी गुण मिळतो, त्यामुळे त्याचा मध्य दहाच्या केंद्रापासून ८ मि.मी. दूर असला तरी दहाच. साइट जुळलेली असेल तर १६ मि.मी. व्यासाच्या वर्तुळात हात मोकळा फिरू द्या, सगळे दहाच पडतील.

म्हणून हात हलतोय याची भीती बाळगू नका, साइट बिघडतेय याची बाळगा. टार्गेटवर नेम एका ठिपक्यावर धरायचाच नसतो. काळ्या गोलाखाली थोडी पांढरी जागा सोडून साइट एका पट्ट्यात तरंगू द्यायची आणि साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवून छर्रा मध्यावर आणायचा.

चाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसू लागते. चष्म्याच्या दुकानात हाताच्या अंतरावर काठी धरून दाखवा आणि लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवून पाहायला सांगा. दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आखडतो. त्याच्यापुढे ३० मि.मी. पर्यंत रुंद पट्टी लावायला नियमात मुभा आहे.

ट्रिगर दाबायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

नियमाने एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. तपासणीत नळी उभी धरून ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरने उचलतात, उचललं नाही तर पिस्तूल बाद. बहुतेकांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो : पहिला टप्पा बोट मोकळं मागे येतं, मग एक भिंत लागते. पहिल्या टप्प्यात वजनाचा मोठा भाग घ्या, भिंतीवर बोट टेकवा आणि तिथून दाब हळूहळू वाढवत न्या. शॉट कोणत्या क्षणी सुटेल हे ठरवू नका. "आता" असं मनात म्हटलं की मनगट आणि बाकीची चार बोटंही त्या "आता"ला साथ देतात आणि छर्रा खाली जातो.

बोटाचा पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर, आणि बोटाची बाजू ग्रिपच्या लाकडाला लागलेली नको. ग्रिप आणि बोट यांच्यात कागद सरकेल एवढी फट ठेवा. ही फट नसली तर प्रत्येक दाबाबरोबर लाकूडही ढकललं जातं, आणि असे ग्रुप आडवे ताणलेले दिसतात.

एक शॉट सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा मारायचा?

ग्रिप पकडा, ती प्रत्येक शॉटला सारखीच. श्वास घेत हात काळ्या गोलाच्या वर न्या. श्वास सोडत खाली येताना ट्रिगरचा पहिला टप्पा संपवा. साइट आपल्या पट्ट्यात स्थिरावली की श्वास अर्धवट थांबवा, नजर पुढच्या साइटवर, बोटाचा दाब चालूच. स्थिरावल्यापासून ५ ते ८ सेकंदांत शॉट सुटायला हवा. सुटल्यावर एक-दोन सेकंद तसेच राहा, साइट परत कुठे येते ते बघा आणि मगच हात खाली आणा. याला फॉलो-थ्रू म्हणतात, आणि थकलेल्या मुलांच्या हातून पहिल्यांदा हेच सुटतं.

आठ सेकंद उलटले तर हात खाली. डोळा त्यानंतर आधीचंच चित्र दाखवत राहतो आणि साइट बिघडलेली कळतच नाही. शॉट सोडून देणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचाही सराव करा : प्रशिक्षकाने दहापैकी दोन वेळा, केव्हाही, "खाली" म्हणायचं आणि विद्यार्थ्याने न कुरकुरता हात खाली आणायचा.

उभं कसं राहायचं?

पाय खांद्याएवढे रुंद, वजन दोन्हींवर सारखं, मोकळा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात. मग डोळे मिटा, हात उचला, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. साइट टार्गेटच्या उजवीकडे असेल तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. पुन्हा डोळे मिटून तपासा. बरोबर जागा सापडली की जमिनीवर खडूने पायांची खूण करा. ओढून आणलेला हात ट्रिगर सुटताच आपल्या जागी परत जातो आणि छर्रा त्याच दिशेला पडतो.

घरी सराव कसा करावा?

घरचा ड्राय सराव, म्हणजे छर्रा न घालता केलेला, रेंजइतकाच मोलाचा आहे आणि त्याला खर्च नाही. नळीत छर्रा नाही हे दोनदा पाहा, छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा, नळी भिंतीकडेच ठेवा आणि त्या खोलीत कुणी येणार नाही हे बघा. पिस्तूल ड्राय मोडवर टाका. पांढऱ्या भिंतीपासून नळी अर्ध्या हातावर धरून २० शॉट. ट्रिगर सुटताना साइट जराही हलली नाही तर तो चांगला शॉट. सुरुवातीला २० पैकी आठ-दहाच चांगले निघतात. १५ पेक्षा जास्त निघू लागले की भिंतीवर लहान गोल लावा.

तो गोल अंतराच्या प्रमाणात काढा. १० मीटरवर काळा गोल ५९.५ मि.मी. असतो, म्हणून ५ मीटरवर २९.७५ आणि ३ मीटरवर सुमारे १८ मि.मी. उंचीही बदलते, हे बहुतेक जण विसरतात. रेंजवर टार्गेटचा मध्य १.४० मीटरवर असतो. तुमचा डोळा १.५० मीटरवर असेल तर ५ मीटरवर मध्य १.४५ वर आणि ३ मीटरवर १.४७ वर लावा. असं केलं नाही तर घरी एक कोन आणि रेंजवर दुसरा, आणि खांदा दोन्हीकडे गोंधळतो.

स्प्रिंगच्या एअर गनवर रिकामा शॉट मारू नका. छर्र्याचा अडथळा नसला की पिस्टन पुढे आपटतो आणि सील व स्प्रिंग खराब होतात. अनेक शाळांमध्ये सुरुवात अशाच बंदुकांनी होते, म्हणून मुलांना हा फरक पहिल्याच दिवशी सांगा. घरात छर्रे मारायचे असतील तर तयार पेलेट ट्रॅपशिवाय (छर्रे अडवणाऱ्या पेटीशिवाय) मारू नका. लाकडी फळीवरून छर्रा उलटा येतो.

हात फार थरथरतो. डंबेल उचलू का?

जड डंबेल नको. रिकामं पिस्तूल उचलून साइट जुळवत ३० सेकंद होल्ड, मग ६० सेकंद विश्रांती, असं पाच वेळा. ३० सेकंदांच्या आत साइट बिघडली तर तिथेच थांबा, कारण बिघडलेली साइट बघत राहिल्याने डोळ्याला तीच सवय लागते. सोबत रबर बँडने खांद्याचे आतले-बाहेरचे व्यायाम, प्लँक आणि आठवड्यातून तीन दिवस चालणं किंवा धावणं. व्यायाम दोन्ही हातांनी करा, नाहीतर वर्षभरात एक खांदा खाली आलेला दिसतो.

छर्रे सारखे डावीकडे खाली जातात. साइट फिरवू का?

उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे खाली जात असतील तर बहुतेक वेळा ट्रिगरबरोबर सगळी मूठ आवळली जातेय. सरळ खाली जाणारे मनगट सैल झाल्याने, वर उडणारे तळव्याच्या टाचेने ढकलल्याने, उजवीकडचे अंगठ्याच्या जोराने. खाली-वर पसरलेला उभा ग्रुप दिसला तर श्वासाची आणि डोक्याच्या ठेवणीची तपासणी करा. ही चित्रं इशारा म्हणून घ्या, निदान म्हणून नाही. कारण एकच असेल तर दहापैकी सात-आठ छर्रे त्याच बाजूला जातात.

साइट एका छर्र्यावर कधीच फिरवायची नाही. पाचचा ग्रुप मारा, त्याचा मध्य काढा. ग्रुप लहान आणि बाजूला असेल तर क्लिक द्या, मोठा असेल तर साइटला हात लावू नका. प्रकाश बदलला तर मात्र लगेच तपासा. दुपारची तिरपी उन्हं येणाऱ्या रेंजवर साइटची कड चकाकते आणि ग्रुप सरकतो.

स्कॅटसारखं यंत्र घेऊ का?

क्लबने घ्यावं, घरी गरज नाही. नळीवरचा सेन्सर नेमाची रेघ पडद्यावर काढतो. हिरवी रेघ नेमाची, पिवळी शेवटच्या सेकंदाची, निळी शेवटच्या ०.२ सेकंदाची, लाल शॉटनंतरची. पिवळी रेघ मध्यावर आणि निळी एकदम बाहेर पळाली तर दोष ट्रिगरमध्ये, होल्डमध्ये नाही. मुलाला हे शंभर वेळा सांगून पटत नाही, एकदा दिसलं की पटतं. महिन्यातून दोन सत्रं पुरे. रोज लावलं तर मुलं साइट सोडून रेघेचा विचार करू लागतात.

डायरीत काय लिहायचं?

तारीख, वेळ, झोप, किती ड्राय आणि किती छर्रे, त्या दिवशीचं एकच काम, आणि चांगला शॉट कसा वाटला ते एका वाक्यात. गुण शेवटी. चुकांची यादी लिहू नका, दुसऱ्या दिवशी तीच डोक्यात घेऊन मुलगा फायरिंग पॉइंटवर उभा राहतो.

सरावात ६०० पैकी ५६० आणि स्पर्धेत ५४०. असं का?

गुणपत्रिका उघडून बघा. हे गेलेले २० गुण सगळ्या ६० शॉटमध्ये सारखे विभागलेले क्वचितच असतात. सहा-साताचे चार शॉट दिसतील, तिथेच बारा-तेरा गेले. ते शॉट जवळपास नेहमीच दहा सेकंदांहून उशिरा सुटलेले असतात. स्पर्धेत हात खाली आणायची लाज वाटते, तिथे हे होतं.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, त्याआधी तयारी आणि साइटिंगची (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणी शॉटची) १५ मिनिटं. म्हणजे शॉटमागे सव्वा मिनिट. घाईचं कारण नाही. पंचविसाव्या शॉटच्या आसपास पिस्तूल रिकामं करून खाली ठेवा, दोन मिनिटं बसा, पाणी प्या. सरावातही आठवड्यातून एकदा पूर्ण ७५ मिनिटांची स्पर्धा लावा, मोठ्याने आकडे पुकारायला लावा, शेजारी दारं आपटू द्या.

छर्रे आणि सिलिंडरची काळजी कशी घ्यायची?

डबीत ५०० छर्रे असतात. आठवड्याला तीन दिवस ८० शॉट म्हटलं तर एक डबी दोन आठवडे जाते. सराव साध्या छर्र्यांवर करा, पण स्पर्धेपूर्वीचे दोन आठवडे स्पर्धेचेच छर्रे वापरा. कडा दबलेला छर्रा बाजूला टाका.

सिलिंडरमध्ये फक्त स्वच्छ, कोरडी हवा भरा. ऑक्सिजन कधीच नाही, त्याने स्फोट होऊ शकतो. २०० बारपर्यंत हळूहळू भरा. भराभर भरलं की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात हातपंपाने भरताना हवेतलं पाणी आत जातं, म्हणून थोड्या-थोड्या वेळाने पंपाचा ब्लीड व्हॉल्व्ह उघडून पाणी काढा. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, रेंजवर खाऊ नका, निघताना थंड पाण्याने आणि साबणाने हात धुवा. रेंज कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

एका प्रशिक्षकाने किती मुलं सांभाळावी?

फायरिंग पॉइंटवर एका वेळी सहा, त्याहून जास्त नको. बाकीच्यांना भिंतीशी ड्राय द्या. प्रशिक्षकाची जागा विद्यार्थ्याच्या बाजूला, किंचित मागे. नजर बोटावर, मनगटावर आणि डोळ्यांवर ठेवा, शॉट दाखवणाऱ्या मॉनिटरवर नाही. मॉनिटर फडक्याने झाका आणि प्रत्येक शॉटनंतर विद्यार्थ्याला विचारा : "कुठे गेला?" त्याने "नऊ, सात वाजता" असं, म्हणजे गुण आणि घड्याळाच्या काट्यासारखी दिशा, सांगायचं, मग फडकं उचलायचं. महिन्याभरात दहापैकी सात-आठ वेळा उत्तर बरोबर येऊ लागलं तर तो मुलगा साइटकडे खरंच बघतोय. दहा शॉटमागे एकच सूचना द्या.

स्पर्धांची वाट कशी आहे?

जिल्हा रायफल क्लबचं सभासदत्व, मग महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या राज्य स्पर्धा, पुढे मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा आहे ते गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष. शालेय स्पर्धांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. मोठी रेंज बघायची असेल तर पुण्यात बालेवाडीला आणि मुंबईत वरळीला जा.

कोल्हापूरची नावं मुलांना आवर्जून सांगा : २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१३ च्या चांगवॉन विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलेली राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पहिल्या जिल्हा स्पर्धेला जाताना सोबत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), ओळखपत्र, दोन भरलेले सिलिंडर, हात पुसायला सुती फडकं आणि ट्रिगर तपासून घ्यायला अर्धा तास जास्तीचा वेळ ठेवा. प्रवासाच्या धक्क्यांनी ५०० चा ट्रिगर ४९० झाला असेल तर तो तिथेच वाढवून घेता येतो, शॉट सुरू झाल्यावर नाही.